बाई, जळका फ्यूज मीच बसवत होतो

बाई, बुधवारी तुमच्या दफनाच्या प्रार्थनेच्या वेळी मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी उभा राहिलो आणि तसाच खाली बसलो. सगळं नगर मला ओळखतं. बारशाला बोलावलं तरी पाळण्याशेजारी उभा राहून अर्धा तास बोलणारा माणूस मी. लोकांना वाटलं, दुःखानं कंठ दाटला. कंठ वगैरे काही दाटला नव्हता. मला जे बोलायचं होतं ते चारचौघांत बोलण्यासारखं नव्हतं, एवढंच. ते असं की तुमच्या गाडीचे नवे दिवे पहिला दिवस सोडला तर कधीच बिघडले नव्हते. गुरुवारी सकाळी चांगला फ्यूज काढून जळका मी बसवत होतो.

तुम्ही असता तर चष्मा नाकावर खाली ओढून म्हणाला असता, "पहिल्यापासून सांग. आणि हातवारे कमी कर."

बरं. पहिल्यापासून.

छावणीतला तो लष्करी अधिकारी बदली होऊन निघाला आणि आपली जुनी विलायती स्पोर्ट्स कार, हिरवी, बिनछपराची, दोन माणसांची, एका निवृत्त शिक्षिकेच्या हवाली करून गेला. त्याच्या मुलींना तुम्ही गणित शिकवलं होतं. दुसरा कुणी असता तर ती गाडी विकून गाय घेतली असती. तुम्ही ती चालवत माळीवाड्यात माझ्या दुकानासमोर आलात. मी एका ट्रकच्या पोटाखाली होतो. मला फक्त तारांची चाकं आणि पांढऱ्या पातळाचा काठ दिसला. मग आवाज आला, "सातवीत विजेच्या धड्यात नापास झालेला मुलगा इथेच गाड्यांच्या वायरी जोडतो का?"

बाई, ट्रकखाली शिरताना मी अठ्ठेचाळीस वर्षांचा होतो, बाहेर आलो तेव्हा बारा वर्षांचा होतो. हात आपोआप पाठीमागे गेले.

तुमच्या खोल्यांपाशी गाडी ठेवायला जागा नव्हती, म्हणून ती माझ्या शेडमध्ये राहायला आली. त्या गाडीचं सगळं उलटं. इतर गाड्यांत बॅटरीचं ऋण टोक सांगाड्याला जोडतात, हिच्यात धन टोक. मी म्हणालो, सरळ करून टाकू. तुम्ही म्हणालात, "ती जन्मली तशी राहू दे. तुला सुधारता आलं नाही, तिला कशाला सुधारायची?" यावर आपलं तीन दिवस भांडण चाललं. तिसऱ्या दिवशी तुम्ही फळ्यासारखा शेडच्या दाराचा पत्रा वापरून, खडूनं आकृती काढून मला विजेचा धडा पुन्हा शिकवलात. या खेपेला मी पास झालो, असं मला वाटतं. तुम्ही तसं म्हणाला नाहीत.

आणि तुमचा गुरुवार. तुमच्या शाळेच्या बोर्डिंगात वीस वर्षं भाकऱ्या केलेल्या सगुणाबाई आता मिरजगावला मुलाच्या वस्तीवर राहायच्या. दर गुरुवारी दुपारी तुम्ही डोक्याला रुमाल बांधून सोलापूर रस्त्याला लागायचात. त्यांच्या म्हशींच्या धारा उरकायला साडेपाच व्हायचे, मग पत्ते. पैशांवर नाही, चिंचोक्यांवर. उलट येणारी शेवटची एसटी त्याआधीच निघून जायची आणि रात्री दुसऱ्याच्या खाटेवर झोपायचं नाही हा तुमचा नियम, म्हणून अंधार पडल्यावर तुम्ही त्या उघड्या गाडीतून एकट्या परत यायचात. जुने दिवे म्हणजे दोन समया. त्यातली एक जरा जास्त मिणमिणती.

एका शुक्रवारी सकाळी मी शेड उघडली तर गाडीत कडबा. पुढच्या दिव्याची कड चेपलेली. तुम्ही दहा वाजता आलात तेव्हा तुमच्या अंबाड्यातही एक काडी होती.

"बैलगाडी होती," तुम्ही म्हणालात. "मागे कंदील नाही, काही नाही. मी कडब्यात शिरले. गाडीवान बिचारा घाबरला. त्याला वाटलं, कडब्याला भूत लागलं."

"बाई, डोळे तपासून घ्या."

"दिवे बदल."

"पासष्टी उलटली की मोतीबिंदू..."

"नाटक्या, मी दिव्यांबद्दल बोलते आहे."

हे भांडण आपण पुढे कधी मिटवलं नाही. तुम्ही उजेडाला दोष देत राहिलात, मी डोळ्यांना. पण हरलो मी. मुंबईला जाणाऱ्या एका ट्रकवाल्याकडून मी आयोडीनचे, लख्ख उजेडाचे दोन जादा दिवे मागवले. नगरात तोपर्यंत ते कुणी पाहिले नव्हते. लोक विचारायचे, आयोडीन तर गुडघा फुटल्यावर लावतात, ते दिव्यात कशाला? मी एकेकाला वेगवेगळं कारण सांगायचो. एका वकिलाला सांगितलं की या उजेडात खोटं बोलणारा माणूस निळा दिसतो. तो दुसऱ्या बाजूच्या फुटपाथवरून जायला लागला.

गाडीच्या नाकासमोर लोखंडी पट्टी बसवून त्यावर दिवे लावले. मी म्हणालो, इतक्या देखण्या तोंडाला चष्मा लावल्यासारखं दिसेल. तुम्ही म्हणालात, "मला कुठे वाईट दिसतो?" जुना डायनामो अशक्त, म्हणून मी त्या दिव्यांना स्वतंत्र जाड वायर, स्वतंत्र रिले, म्हणजे चुंबकी बटण, आणि स्वतंत्र फ्यूज दिला. शेडच्या भिंतीवर लाल खडूनं दोन फुल्या मारल्या. आणि तुमच्याकडून वचन घेतलं. गुरुवारी दुपारी तीन वाजता दार लावून घ्यायचं, नवे दिवे लावायचे. दोन्ही उजेड दोन्ही फुल्यांवर पडले तर मिरजगाव. नाही पडले तर नाही.

"कबूल," तुम्ही म्हणालात, आणि माझा तेलकट हात हातात घेऊन हलवलात. तुमचा शब्द म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. पुढे मी तोच वापरला.

काम संपलं तो गुरुवार, आणि नेमकी खंडेनवमी. माझे पाने, पकडी, सोल्डरिंगची कांडी, सगळ्यांची पूजा. मग नव्या दिव्यांची नको का? बल्बाला बोट लावू नका असं खोक्यावर लिहिलेलं होतं. मला ते वाचता आलं होतं, कळलंही होतं. मी बल्ब फडक्यानं धरून बसवले. पण पुढची काच लावताना मनात आलं, कुंकू बाहेर लावलं तर मिरजगावच्या धुळीत एका दिवसात पुसलं जाईल. आत लावलं तर कायमचं राहील. म्हणून खोबरेलात कुंकू कालवलं आणि दोन्ही बल्बांना, थेट बल्बांना, एकेक टिळा लावला. वर काच बसवली. नमस्कार केला.

तीन वाजता तुम्ही आलात. मी नाटकातल्या राजाच्या द्वारपालासारखी ललकारी दिली आणि बटण दाबलं. बाई, काय तो उजेड! भिंतीच्या चुन्यातल्या भेगा दिसल्या. खडूच्या फुल्या पेटल्यासारख्या. दीड मिनिट. मग डाव्या दिव्यात फट्ट. पाठोपाठ उजवा.

तुम्ही काच उघडून पाहिलीत. बल्बाच्या नळीवर काळा फुगा आला होता.

"हे काय आहे?"

"कुंकू."

"ते कपाळ आहे का?" मग तुम्ही मला सांगितलंत की तिथे तेल जळलं, काच एकाच जागी तापली आणि फुगली. मग म्हणालात, "आणि माझ्या गाडीला कुंकू? मी तर ख्रिस्ती."

"बाई, गाडी तुमची आहे. दिव्यांचं मी बघतो."

तुम्ही हसायला लागलात. डोळे पुसत हसलात. आणि मग, वचन म्हणजे वचन, डोक्याचा रुमाल सोडलात, स्टूल ओढलंत आणि म्हणालात, "चल. चहा कर."

गुरुवारी आमच्या बाजूचा बाजार बंद. माझंही दुकान बंद. माझी बायको सुमन गेल्यापासून सहा वर्षं मी गुरुवारची दुपार कशी ढकलायचो ते कुणाला सांगितलेलं नाही. सांगण्यासारखं नव्हतंच. जेवायचो, झोपायचा प्रयत्न करायचो, उठून बंद दुकानाचं कुलूप बघून यायचो. सगळ्या गावाला हसवणारा माणूस गुरुवारी स्वतःशीसुद्धा बोलत नसे. त्या दिवशी तुम्ही साडेसातपर्यंत शेडमध्ये बसलात. तीन वेळा चहा. वर्गातल्या कोण कुठल्या पोराचं काय झालं ते सांगितलंत. मी तुमच्याच मुख्याध्यापकांची नक्कल तुम्हाला करून दाखवली. त्यांना जाऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती, आणि तुम्ही म्हणालात, "चालताना डावा खांदा जरा खाली पाड." मी पाडला. हुबेहूब ते.

नवे बल्ब यायला महिना लागला. ते चार गुरुवार माझे हक्काचे होते. मग बल्ब आले, फडक्यानं धरून बसवले, उजेड फुल्यांवर पडला आणि तुम्ही भुर्रकन निघून गेलात. मी दार लावलं. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

असे सहा-सात गुरुवार गेले असतील. मग एकदा सकाळी मी ते केलं.

जळका फ्यूज नुसता दाखवून भागणार नव्हतं. तुम्ही म्हणाला असता, नवा घाल. म्हणून मी जळक्या फ्यूजांची एक डबीच करून ठेवली होती. एक आधीच बसवलेला, दुसरा तळहातात. पहिला काढून दाखवायचा, "नवा" बसवायचा, बटण दाबायचं, आणि तो काढून कपाळाला हात लावायचा. "बाई, हाही गेला. आत कुठेतरी वायर टेकते आहे." मग मी डॅशबोर्डखाली उताणा. काय अभिनय केला मी बाई तिथे! दोन पाय बाहेर, तोंडात टॉर्च, मधूनच एक हुंकार. कधी रिले चिकटायचा. कधी दमट हवा. नगरला दमट हवा! तुम्ही स्टुलावर बसून माझ्या पायांशी बोलत असायचात. साडेपाच वाजले की मी बाहेर येऊन मान हलवायचो. "आज काही खरं नाही." तुम्ही रुमाल सोडायचात. चहा.

मी स्वतःला सांगायचो, हे तुमच्या डोळ्यांसाठी. म्हातारी बाई, अंधार, बैलगाड्या. इतकं चांगलं कारण होतं की मला ते दर वेळी नव्यानं पटायचं.

सुरुवातीला महिन्यातून एकदा. मग दोनदा. मग शेवटचे तीन गुरुवार सलग.

त्यातल्या दुसऱ्या गुरुवारी तुम्ही नेहमीसारख्या बोलत नव्हतात. मी डॅशबोर्डखालून विचारलं, "काय झालं?"

"सगुणाशी भांडण झालं मागच्या खेपेला. तिनं इस्पिकची राणी पदराखाली घातली. मी पकडली. ती म्हणाली नाही. मी म्हटलं, चोर आहेस." तुम्ही रुमालाची गाठ पुन्हा बांधलीत. "आता मी गेले नाही तर तिला वाटणार, मी रुसले. दिवे बिघडतात म्हणून सांगितलं तर तिला तो बहाणा वाटतो. आज तरी लाव रे काहीतरी करून."

बाई, तुम्ही हे म्हणालात तेव्हा चांगला फ्यूज माझ्या शर्टाच्या खिशात होता. मला नुसता हात वर न्यायचा होता. मी म्हणालो, "बघतो. अवघड आहे."

तिसऱ्या गुरुवारी तुम्ही चष्मा नाकावर खाली ओढलात. "तुझे दिवे सोमवारी कधी बिघडत नाहीत?"

"सोमवारी लावतो कोण?"

"हं," तुम्ही म्हणालात. "पुढच्या गुरुवारी फ्यूज मी बसवणार. आणि तू माझ्यासमोर खुर्चीवर बसणार. हात मांडीवर."

मी हसलो. मला वाटलं, अजून सात दिवस आहेत. काहीतरी सुचेल. मंगळवारी पहाटे तुम्ही झोपेतच गेलात.

मिरजगावला निरोप मीच पाठवला, एसटीच्या कंडक्टरबरोबर. बुधवारी सगुणाबाई आल्या तेव्हा माती लोटून झाली होती. मी त्यांना पाहिलं नव्हतं कधी. बुटक्या, हिरवं लुगडं, हातात चपला. त्या थडग्याशी उभ्या राहिल्या, मग लोकांत बघत बघत माझ्यापाशी आल्या.

"दिव्यावालं तुमीच का?"

"हो."

"बाई सांगायच्या तुमचं. लई हसवता म्हनं." मग खाली बघून म्हणाल्या, "तीन गुरुवार आल्या न्हाईत. निरोप यायचा, दिवं बिघाडलं. मोटारीचं दिवं असं दर गुरुवारी कुटं बिघाडत्यात व्हय? माझ्यावर रुसूनच गेल्या त्या."

बाई, मी तेव्हा बोलायला हवं होतं. चार शब्दांचं काम. आजूबाजूला पाद्रीसाहेब, तुमच्या विद्यार्थिनी, निम्मं गाव. मी म्हणालो, "तसं नसेल हो." नसेल! आणि त्या चपला घालून एसटी स्टँडकडे चालू लागल्या.

काल गुरुवार होता. तीन वाजता शेडचं दार लावून मी दिवे लावले. उजेड फुल्यांवर पडला. मी दार उघडलं, गाडी बाहेर काढली आणि मिरजगावला गेलो. तुमच्या गाडीत बसून मी गावाबाहेर पहिल्यांदाच गेलो. माझी सगळी ट्रायल माळीवाडा ते रेल्वे फाटक. पुढे गाडीचा आवाज वेगळाच होतो हे मला ठाऊक नव्हतं.

सगुणाबाई गोठ्यात होत्या. गाडी पाहून धार अर्धी सोडून बाहेर आल्या, मला पाहिलं, आणि चेहरा पडला. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. बाई, मी काहीही रंगवलं नाही. हात खिशात होते. फ्यूज, डबी, डॅशबोर्ड, तीन गुरुवार.

त्यांनी मला पुरतं बोलूच दिलं नाही.

"म्हंजी माझ्यावर रुसल्या न्हवत्या?"

"नाही."

"एकबी गुरुवार?"

"एकही नाही. दर वेळी रुमाल बांधून तयार असायच्या. शेवटी शेवटी मला म्हणाल्या, आज तरी लाव."

"असं म्हनल्या?"

"हो."

त्या ओट्यावर बसल्या. पदर तोंडाला लावला. आत वासरू ओरडत होतं, त्याला त्यांनी तिथूनच एक शिवी हासडली. मग पदर बाजूला करून म्हणाल्या, "रानी पदराखाली हुतीच. मी उगं न्हाई म्हनले. आता कुनाला सांगू?"

मला तिथून निघून जावंसं वाटलं. पण माझं एक उरलं होतं. मी म्हणालो, "सगुणाबाई, मी हे काही वाईट हेतूनं केलं नाही. त्यांना अंधारात दिसायचं नाही नीट. डोळे..."

"डोळं?" त्या ताडकन उठल्या. "बाईचं डोळं? आवो, कंदिलाच्या उजेडात, माझ्या लुगड्याच्या घडीत, कोपरा दिसला न दिसला तर इस्पिकची रानी वळखली त्यांनी! डोळ्याचं नाव सांगू नका मला."

मग मी खरं ते सांगितलं. गुरुवारी बाजार बंद असतो. घरी कुणी नाही. दिवे बिघडले की त्या शेडमध्ये बसायच्या. बोलायच्या.

त्यांनी पदर खोचला. मला वाटलं आता वासराला दिलेलीच शिवी मला मिळणार. ती मिळाली असती तर बरं झालं असतं.

"मंग त्यांना म्हनायचं हुतं," त्या सावकाश म्हणाल्या. "मलाबी न्या. शेजारची जागा मोकळीच असायची की. तीन मान्सांचा डाव लई रंगतो."

आणि आत गेल्या. अर्धी राहिलेली धार काढायला. मला बसा म्हणाल्या नाहीत, जा म्हणाल्या नाहीत. भांड्यात धार पडण्याचा आवाज मी थोडा वेळ ऐकला आणि निघालो.

वाटेत अंधारलं तसे दिवे लावले. बाई, दिवे उत्तम आहेत. बाभळीचं पान न् पान दिसतं. एक बैलगाडी दिसली, मागे कंदील नसलेली, पार दोन शेतं आधी. मी सावकाश झालो, बाजूनं गेलो. गाडीवानानं डोळ्यांवर हात धरून मला दोन शब्द ऐकवले.

या गाडीची एकेक वायर मी स्वतःच्या हातांनी ओढली आहे. सीटखालचा गंजसुद्धा मला पाठ आहे. पण काल मिरजगावहून येताना लक्षात आलं, तुमच्या शेजारच्या सीटवर मी एकदाही बसलो नव्हतो. मला ते सुचलंच नाही, बाई. मला बोलायला इतकं सुचतं, आणि हे एवढं विचारायला सुचलं नाही.